जुना सॉफ्टनर : दुरुस्त करावा, बदलावा की बंद ठेवावा?

आमगावच्या एका वाचकांनी पुढील प्रश्न विचारला आहे. घरी बोअरचे पाणी आहे. बारा वर्षांपूर्वी बसवलेला वॉटर सॉफ्टनर आहे. गेल्या उन्हाळ्यापासून गीझरमध्ये पुन्हा पांढरा थर धरू लागला, साबणाला फेस येईनासा झाला, तुरीची डाळ शिजायला वेळ घेते. मिस्त्री म्हणतो, ‘आतले रेझिन बदला.’ विक्रेता म्हणतो, ‘यंत्रच बदला.’ घरात वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे आणि सात महिन्यांचे बाळ आहे. अशा वेळी काय करावे?

प्रश्न वरवर पाहता नळकामाचा वाटतो. परंतु वाचकांनी पत्रात शेवटी जाता जाता लिहिले आहे की, ‘स्वयंपाकघराचा नळही याच यंत्रावर आहे, त्यामुळे निदान पिण्याचे पाणी शुद्ध मिळते.’ या एका वाक्यामुळे हा प्रश्न आरोग्याच्या सदरात घेणे आवश्यक वाटले. सॉफ्टनरमधून निघालेले पाणी शुद्ध असते, हा समज आपल्या भागात फार पसरला आहे. तो चुकीचा आहे, आणि वरील घरात तर तो त्रासदायकही ठरू शकतो.

आधी पाणी जड का होते ते पाहू. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हणतात. पावसाचे पाणी मुळात मऊ असते. ते मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड वायू सोबत घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. पुढे खडकाच्या भेगांतून जाताना ते कॅल्शियम व मॅग्नेशियम हे घटक विरघळवून घेते. आमगावचे नाव भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे ते येथील पट्टिताश्म खडकामुळे. ‘आमगाव नाइस’ या नावाने तो देशभर ओळखला जातो व त्याचे वय दोन अब्ज वर्षांहून अधिक मानतात. अशा कठीण खडकात पाणी साठते ते केवळ भेगांमध्ये, आणि तेथे ते जितका काळ मुरते तितके क्षार वाढतात. म्हणून मामा तलावाचे किंवा नदीवरच्या नळयोजनेचे पाणी सहसा मऊ असते आणि त्याच गावातील खोल बोअरचे पाणी जड. शेजारी-शेजारी असलेल्या दोन बोअरच्या पाण्यातही बराच फरक पडू शकतो, कारण भेगा निराळ्या असतात. शेजाऱ्याने कोणते यंत्र घेतले, हे पाहून आपले ठरवू नये ते याच कारणाने.

भारतीय मानक संस्थेच्या २०१२ च्या मानकाप्रमाणे (आय.एस. १०५००) पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र जडपणासाठी आरोग्याच्या दृष्टीने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही विषे नव्हेत, शरीराला ती हवीच असतात. जड पाण्याने मुतखडा होतो असे सर्रास बोलले जाते, त्याला भक्कम पुरावा नाही. दिवसाकाठी पाणी कमी पिणे हे मुतखड्याचे त्याहून कितीतरी मोठे कारण आहे. धानाच्या बांधीत दिवसभर उन्हात राबणाऱ्याने ‘आमचे पाणी जड आहे’ म्हणून कमी पाणी प्यावे, याइतके उलटे काही नाही.

त्वचेचेही तसेच. जड पाण्यात साबण नीट धुतला जात नाही, अंग चरचरते, केस राठ होतात, हे खरे. परंतु इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने इसब असलेल्या ३३६ मुलांवर एक चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांच्या घरी सॉफ्टनर बसवून बारा आठवडे निरीक्षण केले. नेहमीच्या उपचारापेक्षा इसबात अधिक सुधारणा दिसली नाही. म्हणजे सॉफ्टनर हे गीझर, नळ, कपडे आणि साबण वाचवणारे यंत्र आहे. ते औषध नव्हे.

यंत्र नेमके काय करते

टाकीच्या आत बाजरीच्या दाण्याहून बारीक, पिवळसर सोनेरी मणी असतात. त्यांना रेझिन म्हणतात. या मण्यांवर सोडियम चिकटवलेले असते. जड पाणी त्यातून गेले की मणी कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्या बदल्यात सोडियम पाण्यात सोडतात. सगळे सोडियम संपले की मणी निकामी होतात. तेव्हा त्यांना मिठाच्या तीव्र पाण्याने धुवावे लागते, म्हणजे पुन्हा सोडियम चिकटते व साठलेले कॅल्शियम मोरीवाटे निघून जाते. यालाच रिजनरेशन म्हणतात.

एवढे समजले की पुढचे सारे समजते. सॉफ्टनर काही काढून टाकत नाही, अदलाबदल करतो. रोगजंतूंना तो मारत नाही. कावीळ, विषमज्वर, हगवण यांचे जंतू बोअरमध्ये शिरले असतील तर ते यंत्रातून सुखरूप बाहेर येतात. फ्लोराइड आणि नायट्रेटही तसेच राहतात. विदर्भात यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांत फ्लोराइडने दात व हाडे बिघडलेली माणसे आहेत. अशा ठिकाणी सॉफ्टनर बसवून निर्धास्त राहणे म्हणजे छत्री उघडून पुरात उभे राहण्यासारखे आहे.

आता सोडियमचा हिशेब. जडपणा लिटरमागे १०० मिलिग्रॅम उतरला की सोडियम सुमारे ४६ मिलिग्रॅमने वाढते. बोअरच्या पाण्याचा जडपणा ४०० धरला तर यंत्रातून निघणाऱ्या प्रत्येक लिटरमध्ये १८४ मिलिग्रॅम सोडियम जादा येते. दिवसाला तीन लिटर पाणी पिणाऱ्याच्या पोटात त्यातून ५५० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जाते. म्हणजे जवळपास दीड ग्रॅम मीठ. दिवसभराच्या सर्व खाण्यात मिळून मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातला पाव हिस्सा नुसत्या पाण्यातून गेला, आणि चवीला तो फारसा कळलाही नाही! रक्तदाबाच्या रुग्णाला आपण लोणचे सोडायला लावतो, पापड सोडायला लावतो, आणि घरचा नळ मात्र रोज गुपचूप मीठ वाढत राहतो. निरोगी तरुण माणसाला एवढ्याने काही बिघडणार नाही. पण रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार असलेले, पायांवर सूज असलेले रुग्ण, आणि दुधाची पावडर किंवा पेज ज्यांच्यासाठी या पाण्यात कालवली जाते ती तान्ही बाळे, यांच्यासाठी हे पाणी नको.

म्हणून आमच्या वाचकांनी दुरुस्तीचा निर्णय व्हायच्या आधीच एक काम करावे. स्वयंपाकघरातील पिण्याचा नळ यंत्राच्या आधीच्या पाइपावरून घ्यावा. प्लंबरचे हे एका सकाळचे काम आहे. ते पाणी जंतूंसाठी उकळून किंवा क्लोरीनने शुद्ध करून प्यावे. नळयोजनेचे पाणी घरात येत असेल तर पिण्यासाठी तेच राखून ठेवावे, बोअर धुण्याभांड्याला वापरावी. स्वयंपाकघरात आर.ओ. यंत्र असेल तर गोष्ट निराळी. ते बहुतेक सोडियमही काढून टाकते, त्यामुळे त्याला मऊ पाणी दिलेले चालते. नुसत्या यू.व्ही. दिव्याच्या फिल्टरने मात्र सोडियम हलत नाही.

बिघाड कुठे आहे ते शोधताना

यंत्र बारा वर्षांचे आहे, म्हणून ते मोडीत काढावे, हे तर्कशास्त्र विक्रेत्याचे आहे. वय पाहू नये, पाणी पाहावे. तीन बाटल्या भराव्यात : बोअरचे सरळ पाणी, मिठाने धुतल्यानंतर तासाभराने यंत्रातून आलेले पाणी, आणि पुढच्या धुण्याच्या आदल्या दिवशीचे पाणी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत जडपणाची तपासणी होते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमधून गावोगावी पाणी तपासणीचे जे संच दिले गेले, त्यांतही जडपणा मोजता येतो. थेंब टाकत जायचे, दारूसारखा लाल रंग निळा झाला की थांबायचे व थेंब मोजायचे. अशी छोटी बाटली विकतही मिळते. जो सॉफ्टनर वापरतो त्याच्या घरी ती असलीच पाहिजे, जसे मधुमेह्याच्या घरी साखर मोजण्याचे यंत्र असते.

पेनासारख्या टी.डी.एस. मीटरने सॉफ्टनरची परीक्षा करू नये. कॅल्शियम गेले व सोडियम आले तरी एकूण क्षार तेवढेच राहतात, त्यामुळे आकडा हलतच नाही. ‘पाहा, आकडा कमी झाला नाही, तुमचे यंत्र मेले’ असे कोणी दाखवू लागला तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा. दोन कांड्या पाण्यात बुडवून, वीज सोडून पाणी तपकिरी करून दाखवणारेही फिरतात. तो गाळ पाण्यातला नसतो, त्या लोखंडी कांडीचा असतो.

आता तीन बाटल्यांचे आकडे काय सांगतात? नुकतेच धुतलेल्या यंत्रातून येणाऱ्या पाण्याचा जडपणा २०-३० च्या आत असेल तर रेझिन जिवंत आहे. तो पहिल्याच दिवशी १५०-२०० येत असेल तर एक तर मिठाचे पाणी आत ओढलेच जात नाही, किंवा वरच्या व्हॉल्व्हची रबरी गास्केट झिजून बोअरचे पाणी परस्पर नळात मिसळते आहे. दोन्ही दोष किरकोळ आहेत. व्हॉल्व्ह मिठाच्या खुणेवर ठेवून पंप सुरू करावा आणि मिठाच्या ड्रममध्ये पातळी खडूने आखून ठेवावी. दहा-पंधरा मिनिटांत पातळी उतरली नाही तर आत ओढणारा बारीक नोझल कचऱ्याने किंवा क्षाराने बुजला आहे. तो काढून स्वच्छ केला की अनेक ‘मेलेली’ यंत्रे उठून बसतात. आपल्याकडे आणखी एक कारण असते, ते म्हणजे कमी व्होल्टेज. पंप जोर धरत नाही, दाब पडत नाही आणि मीठ ओढले जात नाही. शेतीपंप बंद असतील त्या वेळी एकदा धुऊन पाहावे. ड्रममधले मीठ खड्याचे हवे. बारीक मिठाचा वर कडक पापुद्रा धरतो, खाली पोकळी राहते, आणि वरून पाहणाऱ्याला वाटते ड्रम भरलेला आहे. काठीने टोचून पाहावे.

पहिले दिवस पाणी मऊ आणि नंतर लवकर जड, असे होत असेल तर हिशेब मांडावा लागतो. समजा यंत्रात २५ लिटर रेझिन आहे. चांगले रेझिन एका धुण्यावर लिटरमागे सुमारे ५० ग्रॅम जडपणा धरते, म्हणजे एकूण १२५० ग्रॅम. घरात रोज ६०० लिटर पाणी यंत्रातून जाते आणि जडपणा ४०० आहे, तर रोजचे २४० ग्रॅम झाले. पाच दिवस पुरले. आता तेच बोअर उन्हाळ्यात खोल गेले किंवा नवे खोल बोअर मारले आणि जडपणा ६०० झाला, तर रोजचे ३६० ग्रॅम होतात व यंत्र साडेतीन दिवसांत थकते. सून घरात आली, कपडे धुण्याचे यंत्र आले, पाहुणे राहिले, तरी तेच. यात यंत्राचा काहीच दोष नाही. पाचऐवजी तीन दिवसांनी धुवावे एवढाच उपाय. आमच्या वाचकांनी ‘गेल्या उन्हाळ्यापासून’ असे लिहिले आहे, त्यावरून माझा पहिला संशय येथेच जातो.

रेझिन खरोखर गेले आहे का, हे पाहायचे तर मिस्त्रीला टाकी उघडून मूठभर मणी तळहातावर घ्यायला सांगावे. अख्खे, चकचकीत, सोनेरी मणी दिसले तर हात लावू नये. लालसर तपकिरी, चिकट मणी असतील तर बोअरच्या पाण्यात लोह आहे. ते रसायनाने धुऊन बऱ्याच अंशी सुधारतात, पण लोहाचा बंदोबस्त आधी केला नाही तर नवे रेझिनही तसेच होईल. बोटांनी चुरडल्यावर भुगा होत असेल तर त्या रेझिनचे आयुष्य संपले. स्वच्छ पाण्यात रेझिन दहा वर्षे, कधी त्याहून अधिक चालते. पाण्यात क्लोरीन जास्त असेल किंवा लोह असेल तर लवकर जाते. नळाच्या जाळीत मणी सापडू लागले तर टाकीच्या तळाची जाळी फुटली आहे. ती बदलून कमी झालेले रेझिन भरावे. त्यासाठी सबंध यंत्र फेकायचे कारण नाही.

मग बदलावे केव्हा? टाकी जुन्या लोखंडी बनावटीची असून आतला थर सुटला असेल आणि बोअरमध्ये लोह नसताना पाणी तांबडे येत असेल तेव्हा. फायबरची टाकी तडकली असेल तेव्हा. व्हॉल्व्हचे सुटे भाग मिळेनासे झाले असतील तेव्हा. घराची गरज यंत्राच्या दुपटीवर गेली असेल तेव्हा. आणि रेझिन, व्हॉल्व्ह, मजुरी मिळून खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याहून वर जात असेल तर माझ्या मते जुन्यात पैसे घालू नयेत. फक्त रेझिनच गेले असेल आणि टाकी, व्हॉल्व्ह ठीक असतील, तर रेझिन बदलणे हाच शहाणपणाचा सौदा आहे. नवे रेझिन पिण्याच्या पाण्यासाठी चालणाऱ्या प्रतीचे मागावे, आणि भरल्यावर रंग व वास जाईपर्यंत पाणी वाहू द्यावे. पाइपाभोवती चुंबक बांधून पाणी मऊ करणारी जी साधने विकली जातात, त्यांनी जडपणाचा आकडा कमी होत नाही. ज्याला खात्री करायची त्याने थेंबांच्या बाटलीने करावी.

तिसरी वाट कोणी सुचवत नाही, कारण तीत कोणालाच काही विकता येत नाही. बोअरचा जडपणा २०० च्या आत असेल, किंवा घरात आता नळयोजनेचे पाणी पुरेसे येत असेल, तर सॉफ्टनर बंदच ठेवावा. थोडा अधिक असेल तर फक्त गीझर व धुण्याच्या यंत्राचा पाइप त्यावर ठेवावा. पाणी कमी जाईल, मीठ कमी लागेल, जुने रेझिनही आणखी काही वर्षे पुरेल. बंद ठेवलेले यंत्र पुन्हा सुरू करताना मात्र सावध राहावे. साचलेल्या पाण्यात मण्यांवर जंतू वाढतात. लग्नाच्या हंगामापुरती उघडणारी मंगल कार्यालये आणि लॉज यांनी यंत्र आधी मिठाने धुऊन, भरपूर पाणी वाहू देऊन मगच नळ उघडावेत.

जेथे वाट पाहता येत नाही

वरचा सगळा सल्ला घरासाठी आहे. ज्या दवाखान्यात डायलिसिस होते तेथे तो लागू नाही. २०१६ साली प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाल्यापासून ही सोय जिल्हा रुग्णालयांपर्यंत आली. चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर पाणी लागते, आणि ते रुग्णाच्या रक्तापासून केवळ एका पातळ पडद्याएवढ्या अंतरावरून वाहते. तेथे सॉफ्टनर आर.ओ.च्या आधी बसवलेला असतो. १९६७ साली अमेरिकन डॉक्टरांनी ‘हार्ड वॉटर सिंड्रोम’ नावाने एक विकार नोंदवला. सॉफ्टनर बिघडून जड पाणी डायलिसिसमध्ये गेले, तेव्हा रुग्णांना मळमळ, उलट्या, अशक्तपणा, अंगाची आग आणि एकाएकी वाढलेला रक्तदाब अशी लक्षणे झाली. अशा ठिकाणी जडपणा रोज मोजून वहीत लिहायचा असतो, आणि शंका आली तर यंत्र चालू ठेवून मिस्त्रीची वाट पाहायची नसते. नातेवाइकांनी ‘आजचा पाण्याचा जडपणा किती?’ असे विचारण्यात संकोच बाळगू नये.

राहता राहिला मिठाचा प्रश्न. वरच्या हिशेबातील यंत्राला एका धुण्यास साधारण तीन किलो मीठ लागते. पाच दिवसांनी एकदा म्हटले तरी वर्षाला दोन क्विंटलांहून अधिक मीठ आपल्या मोरीतून बाहेर जाते. ते परसबागेत, बांधीत किंवा विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडू नये. सोडियमने माती घट्ट होते, पाणी जिरत नाही, आणि विहिरीचे पाणी हळूहळू खारे होते. धुण्याच्या सुरुवातीला व शेवटी निघणारे पाणी चवीला खारट नसते, ते अंगण किंवा जनावरांचा गोठा धुण्यास वापरता येईल. मधले खारट पाणी पक्क्या गटारात जाईल असा वेगळा पाइप काढावा. यंत्र दुरुस्त करायला मिस्त्री येईल त्याच दिवशी हे कामही उरकून घ्यावे, आणि नवे यंत्र घ्यायचे ठरलेच तर कमी मिठात चालणारे कोणते, हे किंमत विचारण्याआधी विचारावे.